टाचदुखी: आधी दुखरी जागा बोटाने शोधा, मग व्यायाम ठरवा

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल फरशीवर टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. मोरीपर्यंत भिंतीला धरत जावं लागतं, आणि दहावीस पावलं झाली की तीच टाच बरी वाटायला लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठेही जा, या दुखण्याला एकच नाव ठरलेलं आहे: "हाड वाढलंय." एक्स-रेत टाचेच्या हाडाखाली चोचीसारखा काटा दिसतो आणि माणूस मनातून खचतो.

त्या काट्याला घाबरायचं कारण नाही. टाच कधीच दुखली नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही तो असतो, आणि दुखणं पूर्ण थांबल्यावरही जागचा हलत नाही. म्हणजे उपचार काट्यावर करायचा नाही, त्याच्या शेजारी ताण सोसणाऱ्या ऊतींवर करायचा. त्यासाठी दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी कळायला हवं, कारण एका जागेला आराम देणारा व्यायाम दुसऱ्या जागेला चिडवतो.

बोट कुठे ठेवायचं

खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि अंगठ्याने जरा जोर देऊन दाबत जा.

तळव्याच्या बाजूने, टाच संपून कमान सुरू होते तिथे, आतल्या अंगाला दाबल्यावर "हां, हेच" असं वाटलं तर दुखणं तळपायाच्या पट्ट्याचं आहे. डॉक्टरी कागदावर याला प्लांटार फॅशियायटिस लिहितात. टाचदुखीत सर्वांत जास्त हेच सापडतं.

टाचेच्या बरोबर मधोमध, जिथे पूर्ण वजन पडतं तिथे ठणका असेल आणि अनवाणी कडक फरशीवर तो वाढत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी दुखावली आहे.

मागे, चपलेचा पट्टा किंवा बुटाची कड घासते तिथे किंवा त्याच्या चार बोटं वर दुखत असेल, तर ते पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीचं, म्हणजे अकिलिस कंडरेचं दुखणं.

आणि टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरून चेपल्यावर जीव कळवळला, तर दुखणं हाडातच असू शकतं. मोठ्या माणसात हे हाडाच्या बारीक तड्याचं लक्षण असतं, तर आठ ते चौदा वर्षांच्या मुलात वाढीच्या कूर्चेचं.

दुखण्यापेक्षा जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा जास्त असेल तर शिरेचा, म्हणजे नसेचा विचार करावा लागतो. ती घोट्याच्या आतल्या बाजूला दबते, नाहीतर थेट कमरेत. अशा वेळी खालचे व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या.

पुढची लक्षणं असतील तर थेट डॉक्टरांकडे जा: पाय टेकवताच येत नाही इतकी कळ, रात्री झोपेतून उठवणारा ठणका, टाच लाल-गरम होऊन ताप, मागे "फट्" असा आवाज येऊन चवड्यावर उभं राहता न येणं. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेली असते, तर संधिवाताची तपासणी हवी. मधुमेह असून तळपाय बधिर असेल तर बर्फ, गरम विटेचा शेक आणि घरचं टेपिंग तिन्ही टाळा. कातडी भाजली तरी कळत नाही आणि जखम महिनोन्महिने चिघळते.

तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं

हा पट्टा टाचेच्या हाडापासून पाचही बोटांच्या मुळापर्यंत धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला असतो. बसल्या बसल्या पायाचा अंगठा हाताने वर ओढून पाहा, कमान लगेच उंचावते आणि पट्टा कातडीखाली दोरीसारखा हाताला लागतो. चालताना टाच उचलली की दर पावलाला हेच घडतं. रात्री पाऊल खाली झुकलेलं राहतं, पोटरी आणि पट्टा आखडून बसतात, आणि सकाळी पूर्ण वजन एकदम त्यांच्यावर पडतं. म्हणून पहिलं पाऊल सर्वांत वाईट. दुपारी तासभर बसून उठल्यावर पुन्हा तेच.

आपल्या भागात हे दुखणं कुणाला होतं ते पाहिलं की कारण उलगडतं. वडगाव, शहापूर, खासबागेत यंत्रमागापुढे दहा तास उभे राहणारे विणकर, उद्यमबागेतल्या फौंड्रीत जड बूट घालून काँक्रीटवर उभे असणारे कामगार, शहाबादी किंवा ग्रॅनाइटच्या फरशीवर अनवाणी स्वयंपाक करणाऱ्या बायका. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचं उलटं असतं: तासन्‌तास मांडी घालून बसणं आणि मग एकदम उठून चालणं. वजन वाढलेलं, पोटरी आखडलेली आणि कामात अचानक बदल झालेला, हे तिन्ही एकत्र आले की टाच बोलायला लागते.

पोटरी आखडली आहे का ते दोन मिनिटांत कळतं. भिंतीसमोर उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल, किंवा दोन पायांत बराच फरक दिसत असेल, तर पोटरीचे ताण सोडून चालणार नाही.

पहिलं काम: अंथरुणातच पट्टा ताणणं

डोळे उघडल्यावर पाय खाली ठेवण्याआधी हे करायचं. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने तळव्यात दोरी ताणल्यासारखी लागते का पाहा. लागली तरच ताण बरोबर बसला. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. दिवसातून तीनदा, त्यातला एकदा सकाळी पहिल्या पावलाआधी आणि एकदा बराच वेळ बसून उठण्याआधी. नेहमीची चूक म्हणजे बोटांची टोकं ओढणं. टोकं वाकतात, पट्टा ढिलाच राहतो.

दुसरं: पोटरीचे दोन ताण

दोन्ही हात भिंतीवर, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. कंबर पुढे न्या, ३० सेकंद धरा. मग तोच पाय थोडा पुढे घेऊन गुडघा वाकवा, टाच तशीच टेकलेली, पुन्हा ३० सेकंद. पहिल्याने पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो, दुसऱ्याने आतला खोल स्नायू. प्रत्येकी तीन वेळा, दिवसातून दोनदा. मागचं पाऊल नाकाच्या रेषेत सरळ हवं. ते बाहेर वळलं की कमान कोसळते, ताण पोटरीऐवजी तळव्याला बसतो आणि माणूस म्हणतो, "व्यायामानेच दुखणं वाढलं."

तिसरं: टॉवेल घेऊन चवड्यावर उठणं

लोक नेमकं हेच सोडतात, आणि खरा फरक यानेच पडतो. ताणाने आराम मिळतो. पण दिवसभराचं वजन सोसायची ताकद पट्ट्यात येते ती जड आणि संथ व्यायामाने.

जिन्याची सर्वांत खालची पायरी घ्या, कठडा धरता येईल अशी. अंघोळीचा जुना टॉवेल घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेजवळ आडवा ठेवा. पायाची फक्त बोटं टॉवेलवर, चवडा पायरीवर, टाच हवेत. बोटं जितकी वर वाकतील तितकी वाकू द्या, गुंडाळी त्यासाठीच जाड हवी. आता टाच वर: मनात एक, दोन, तीन मोजत. वर पोचल्यावर दोन मोजेपर्यंत थांबा. खाली येतानाही तीन. एक उठणं पुरं व्हायला आठ सेकंद लागायला हवीत.

सुरुवातीचे काही दिवस दोन्ही पायांवर करा. जमलं की एका पायावर. पाठीवर शाळेची सॅक घेऊन त्यात तांदळाच्या किंवा जोंधळ्याच्या पिशव्या भरा. वजन इतकं हवं की १२ वेळा जेमतेम होतील, तेराव्याला पाय थरथरेल. पहिले दोन आठवडे १२ चे तीन फेरे. पुढचे दोन आठवडे वजन वाढवून १० चे चार फेरे. त्यानंतर आणखी वजन घेऊन ८ चे पाच फेरे. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं विश्रांती. आणि हे एक दिवसाआड करायचं, रोज नाही. मधल्या दिवशी ऊती सावरतात. रोज करणारा तिसऱ्या आठवड्यात लंगडत येतो.

बिघडतं कुठे, तर झपाट्याने वरखाली करण्यात, वर जाताना घोटा बाहेरच्या अंगाला लवण्यात (वजन अंगठ्याच्या मुळावर ठेवा), कठड्याला लटकून हातांनी वजन उचलण्यात. दुखणं थोडं जाणवलं तर चालतं. शून्य ते दहाच्या मापात पाचपर्यंत सोसा, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा वाईट असेल तर वजन कमी करा. व्यायाम बंद करू नका.

टेप, चप्पल आणि उभं राहणं

व्यायामाचा गुण यायला आठवडे लागतात. तोवर दिवस ढकलायला टेप उपयोगी पडते. औषधाच्या दुकानात न ताणणारी, झिंक ऑक्साइडची दीड इंची चिकटपट्टी मिळते. पाऊल घोट्यात काटकोनात ठेवा. पहिली पट्टी करंगळीच्या मुळाच्या बाहेरून निघून टाचेच्या मागून फिरवत अंगठ्याच्या मुळाच्या आतल्या बाजूला आणा. मग तळव्याखालून आडव्या तीन-चार पट्ट्या, प्रत्येक बाहेरून आत येताना किंचित वर ओढून, आधीची अर्धी झाकत, टाचेकडून कमानीकडे. शेवटी पहिल्या पट्टीवरून तशीच आणखी एक, टोकं धरून ठेवायला. पावलाच्या वरच्या बाजूने गोल फास घालू नका, बोटं सुजतात. दोन-तीन दिवसांनी काढा, खाज किंवा पुरळ उठलं तर लगेच. टेप लावल्यावर चालणं तेव्हाच हलकं वाटलं, तर कमानीला आधार देणाऱ्या इनसोलचाही उपयोग होईल असं समजा. तयार इनसोल पुष्कळदा पुरतात, मापाने करवून घेतलेले महागडे पहिल्याच दिवशी घ्यायची गरज नाही.

चपलेचा विषय आपल्याकडे नाजूक. कोल्हापुरीच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, अथणी-निपाणीच्या कारागिरांचा त्यात हात आहे, आणि त्या चपलेचा अभिमान बाळगावाच. पण दुखऱ्या टाचेला सपाट, कडक तळ सोसत नाही. तीन महिने तरी टाचेखाली एक-दोन सेंटिमीटर उंची आणि मऊपणा असलेली चप्पल वापरा, घरातही. देवघर आणि स्वयंपाकघरासाठी वेगळी जोडी ठेवली की सोवळ्याचा प्रश्नही मिटतो. ज्यांच्या घरात तेही चालत नाही, त्यांनी ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाकावी.

मागावर किंवा मशीनवर उभं राहणाऱ्याने सुट्टी मागण्यापेक्षा वेळ तोडावा: दर ४०-४५ मिनिटांनी दोन मिनिटं बसायचं आणि एकेका पायाची बोटं वर ओढून घ्यायची. संध्याकाळी पाण्याची प्लॅस्टिकची बाटली बर्फ करून कापडात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. त्याने ठणका उतरतो, दुखणं बरं होत नाही.

मशीन आणि इंजेक्शन

दहा दिवस रोज येऊन टाचेवर अल्ट्रासाउंडचं मशीन फिरवून जायचं, इतकाच फिजिओथेरपीचा अर्थ अजून कित्येक ठिकाणी घेतला जातो. या दुखण्यात त्या मशीनने व्यायामापेक्षा वेगळा असा फायदा दिसलेला नाही. भाड्याचे पैसे घालून त्यासाठी खानापूरहून रोज यायची गरज नाही. सुरुवातीला दोन-तीनदा येऊन व्यायाम नीट शिकावा, मग दोन आठवड्यांनी तपासून घ्यावं. शॉकवेव्ह, म्हणजे टाचेवर ध्वनिलहरींचे ठोके देणारं मशीन, ही गोष्ट वेगळी. चार-सहा महिने मनापासून व्यायाम करूनही सकाळची कळ हटत नसेल तर आठवड्याला एक अशा तीन-चार बैठकांचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंटही चालतो, फक्त झोपमोड होते म्हणून बहुतेक जण आठवड्यात काढून ठेवतात.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे जादूसारखं काम करतं. वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो. त्या बऱ्या वाटणाऱ्या आठवड्यांत माणूस पुन्हा पहिल्यासारखा राबतो, तेच जास्त महागात पडतं.

सकाळची कळ उतरायला साधारण सहा ते बारा आठवडे धरा. वर्षभर जुनं दुखणं असेल तर त्याहून जास्त.

चरबीची गादी

इथे ताण देण्यात अर्थ नाही आणि बाटली फिरवणं तर टाळायचंच. उपचार सोपा आहे: गादीला चारही बाजूंनी आवळून टाचेखाली गोळा ठेवायचं. टाचेच्या दोन्ही बाजू बोटांनी आत दाबून धरा आणि उभे राहून पाहा. दुखणं तेवढ्यात कमी झालं तर निदान जवळजवळ पक्कं. मग तसंच काम करणारा वाटीच्या आकाराचा सिलिकॉनचा हील कप दोन्ही चपलांत घाला, एकाच पायात घातला तर कंबर वाकडी चालते. अनवाणी चालणं पूर्ण बंद. वयस्क माणसांची गादी पातळ झालेली असते, त्यांनी ही सवय कायमचीच लावून घ्यावी.

टाचेच्या मागचं दुखणं

कंडरेचं दुखणं दोन प्रकारचं. चार बोटं वर दुखत असेल तर पायरीच्या कडेवर चवडा ठेवून दोन्ही पायांनी वर जा, आणि दुखऱ्या एकट्या पायावर हळूहळू टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत उतरा. १५ चे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, १५ चे तीन गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं झालं की सॅक चढवा.

अगदी हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर हाच व्यायाम सपाट जमिनीवर करायचा, टाच पायरीच्या खाली सोडायची नाही. खाली गेल्यावर कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणं पेटतं. याच कारणाने भिंतीवरचे पोटरीचे ताणही इथे सध्या बंद, आणि टाचेखाली एक सेंटिमीटरचा उंचवटा. पट्ट्याच्या दुखण्याचे व्यायाम शेजाऱ्याकडून ऐकून या टाचेला केले की हमखास बिघडतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक चालू असताना मागे दुखायला लागलं तर व्यायाम थांबवा आणि ज्यांनी ते लिहून दिलं त्या डॉक्टरांना लगेच सांगा. या औषधांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो.

मुलं, भरतीची पोरं आणि नवरात्रातली दौड

खेळणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा टाच धरून बसतो, चेपल्यावर ओरडतो, तेव्हा वाढीची कूर्चा ओढली जात असते. हाडं भरली की हे आपोआप थांबतं. तोवर धावण्याउड्यांचे दिवस निम्मे करा, बुटात मऊ उंचवटा घाला, पोटरीचे हलके ताण द्या. खेळ संपूर्ण बंद करायचं कारण क्वचितच येतं.

सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांचं प्रकरण वेगळं. तारीख जाहीर झाली की महिनाभरात १६०० मीटरची वेळ उतरवायला रोज पळापळ सुरू होते. अशा पोराची टाच बाजूंनी चेपल्यावर दुखली तर पळणं त्याच दिवशी बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. गरज पडली तर एमआरआय करून घ्या. हाडाच्या तड्याला सहा ते आठ आठवडे विश्रांती लागतेच, आणि तो रेटत पळाला तर भरतीच हातची जाते.

डॉक्टरांनी मोकळं केल्यावर परत पळायची पायरी अशी: आधी अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या सकाळी टाच शांत राहिली पाहिजे. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा, एक दिवसाआड, मातीच्या मैदानावर. दोन वेळा न दुखता झालं की पळण्याचं मिनिट एकाने वाढवा. सलग वीस मिनिटं जमल्यावरच वेगाकडे बघा.

नवरात्रात बेळगावच्या गल्ल्यांतून पहाटे दुर्गामाता दौड निघते, त्यात बरेच जण अनवाणी धावतात, आणि तेही नऊ दिवस लागोपाठ. ज्यांची टाच वर्षभरात कधी दुखली असेल त्यांनी श्रावण संपायच्या आत टॉवेलवरचा व्यायाम सुरू करावा आणि भाद्रपदात आठवड्यातून तीनदा मातीवर दहा-दहा मिनिटं अनवाणी चालून कातडी आणि पट्टा दोन्ही सरावात आणावे. घटस्थापनेच्या सकाळी टाच बोललीच, तर त्या दिवशी पायात बूट घालून धावा, नाहीतर दौडीच्या मागून चालत जा.